दंडुक्यावाचूनचे राज्य

राज्य म्हटले की त्याच्या मुळाशी दंड आलाच, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. दंड नाहीसा झाला की मोठा मासा लहान माशाला गिळू लागतो, हा मात्स्यन्याय आमच्या अर्थशास्त्रकारांनी दोन हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवला. आजचा सुशिक्षित नागरिकही तेच वेगळ्या शब्दांत बोलतो. रस्त्यावर वाहने वेडीवाकडी धावली की तो पोलीस कोठे आहे असे विचारतो, आणि निवडणुकीत गोंधळ झाला की त्याला लष्कराची आठवण होते. लोक आपण होऊन नियम पाळतील, ज्यांनी नियम केला तेच त्याचे रक्षण करतील आणि तरीही एकट्यादुकट्याच्या हक्कावर गदा येणार नाही, असे कोणी म्हटले तर त्याची गणना स्वप्नाळूंत होते. म्हणूनच अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या लहानशा गावाचा गेल्या साडेतीन दशकांचा इतिहास राज्यशास्त्राचा एक धडा म्हणून वाचण्यासारखा आहे, असे आम्हांस वाटते. या गावाची कीर्ती आजवर पाण्यासाठी गायिली गेली. आम्हांला आज त्या पाण्यामागील संमतीविषयी लिहावयाचे आहे.

हिवरे बाजारची हकीकत महाराष्ट्रास नवी नाही. तरी मुख्य गोष्टींची उजळणी केली पाहिजे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हे गाव. क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर, पाऊस वर्षाला सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास. १९७२ च्या दुष्काळाने गावाचा कणा मोडला. डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या, धडधाकट माणसे मजुरीसाठी शहरांकडे निघून गेली आणि मागे उरलेल्यांच्या वाट्याला दारू, भांडणे व कोर्टकज्जे आले. १९८९ मध्ये पोपटराव पवार हा वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर शिक्षण घेतलेला, क्रिकेटची आवड असलेला तरुण सरपंच म्हणून बिनविरोध निवडून आला. १९९४ मध्ये गाव शासनाच्या आदर्श गाव योजनेत दाखल झाले. रोजगार हमीच्या व त्या योजनेच्या पैशातून डोंगरउतारावर चर खणले गेले, बांध घातले गेले, झाडे लागली. त्याला गावकऱ्यांच्या श्रमदानाची जोड मिळाली. १९९५ साली जेथे १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली मोजली गेली होती, तेथे पुढील दीड दशकात ती संख्या तीनवर आली. बाहेर गेलेली कुटुंबे परतली. २०२० साली श्री. पवार यांना पद्मश्री मिळाली.

परंतु चर आणि बांध महाराष्ट्रात हजारो गावांत झाले. त्यांतील कित्येक गावांत पाणी वाढताच बोअरची यंत्रे आली, उसाचे मळे उभे राहिले आणि चारपाच वर्षांत गाव पुन्हा टँकरच्या रांगेत जाऊन बसले. हिवरे बाजारने जे निराळे केले ते बांधानंतर केले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाने स्वीकारली. शेतीसाठी विंधनविहीर घ्यावयाची नाही, ऊस व केळी यांसारखी तहानलेली पिके लावावयाची नाहीत, गावची जमीन बाहेरच्या माणसाला विकावयाची नाही, असे त्याने ठरविले. डोंगरावर गुरे सोडणे बंद झाले, पण विळ्याने गवत कापून नेण्यास मुभा राहिली. २००४ च्या सुमारापासून दर वर्षी पडलेला पाऊस आणि विहिरींतील पातळी मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढले जाते आणि उरलेल्या पाण्यात रब्बीला कोणती पिके घ्यावयाची हे ग्रामसभेत ठरते.

आता हा नियम मोडणाऱ्यास पकडावयाला गावाजवळ काय आहे, याचा वाचकांनी विचार करावा. ग्रामपंचायतीपाशी ना फौज, ना तुरुंग. इतकेच नव्हे, तर यांतील पुष्कळसे ठराव कायद्याच्या काट्यावर तोलले तर त्यांचे वजन फारसे भरणार नाही. आपल्या जमिनीखालचे पाणी उपसण्याचा जमीनमालकाचा हक्क १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून मानला गेला आहे. जमीन कोणास विकावी हे ठरविणे हा मालकाचा अधिकार असून, कायद्याच्या आधाराखेरीज कोणाची मालमत्ता हिरावून घेता येणार नाही असे संविधानाचे ३००-अ हे कलम सांगते. उद्या हिवरे बाजारच्या एखाद्या शेतकऱ्याने ग्रामसभेचा ठराव झुगारून ऊस लावला, तर त्याच्या शेतात शिरून तो उपटण्याचा अधिकार कोणालाही नाही. उलटपक्षी, महाराष्ट्र शासनाने भूजलाच्या रक्षणासाठी २००९ चा अधिनियम केला, तो २०१४ पासून अमलात आला, त्यात मनाई आहे आणि शिक्षाही आहे. असे असूनही राज्यातील दुष्काळी तालुक्यांत खोल बोअर घेण्याची स्पर्धा थांबली, असे कोणी म्हणणार नाही. ज्या नियमामागे शिक्षा आहे तो धाब्यावर बसविला जातो आणि ज्याच्यामागे केवळ शब्द आहे तो तीन दशके टिकतो, हे कसे घडते?

आमच्या मते याची कारणे चार आहेत. पहिले कारण हे की, नियमाचा आधार सर्वांच्या डोळ्यांसमोर मोजला जातो. पाऊस किती पडला हे पर्जन्यमापक सांगतो, विहिरीत पाणी किती हे दोर सोडून पाहता येते. सरपंचाचा शब्द आणि शेतकऱ्याचा अनुभव यांत तफावत राहिली नाही की वादाचे निम्मे कारण संपते. दुसरे कारण हे की, नियम सर्वांना एकच आहे. पुढाऱ्याच्या शेतात ऊस आणि गरिबाला ज्वारी, असा प्रकार झाला असता तर हा ठराव एका हंगामातच गळून पडला असता. तिसरे, नियमाचे फळ नियम पाळणाऱ्यालाच त्याच गावात, त्याच वर्षी दिसते. आणि चौथे व सर्वांत महत्त्वाचे कारण हे की, ज्याने नियम पाळावयाचा तो नियम करण्याच्या वेळी सभेत बसलेला असतो. मुंबईच्या विधानभवनात झालेला कायदा त्याला सरकारचा वाटतो. मारुतीच्या पारासमोर झालेला ठराव त्याला आपला वाटतो. गाव करील ते राव काय करील, ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केली नाही.

येथवर कौतुक झाले. परंतु वृत्तपत्राचे काम कौतुकाने संपत नाही. संमतीच्या राज्याची खरी परीक्षा हो म्हणणाऱ्यांच्या संख्येने होत नाही. शंभरातला एकजण नाही म्हणाला तर त्याचे पुढे काय होते, यावर ती होते. शस्त्र नाही म्हणजे सक्ती नाही, असे समजणे हा भाबडेपणा आहे. ज्याने आयुष्यात कधी काठी उचलली नाही असा गावही एका कुटुंबाचे जगणे अशक्य करू शकतो. किराणा बंद, पाणी बंद, लग्नाचे आमंत्रण बंद, मयतीला माणूस बंद. यात रक्ताचा थेंब सांडत नाही, पण माणूस मोडतो.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत संविधानाचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्यांच्या या स्वरूपावर बोट ठेवले होते. खेडे हे संकुचित वृत्तीचे, अज्ञानाचे व जातीयतेचे आगर आहे असे त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि मसुद्याने खेड्याऐवजी व्यक्ती हा घटक मानला याबद्दल समाधान व्यक्त केले. त्यावर पुष्कळ सभासद नाराज झाले आणि त्याच महिन्यात ग्रामपंचायतींना स्वराज्याचे घटक म्हणून अधिकार देण्याचे मार्गदर्शक तत्त्व मसुद्यात आले. तेच आजचे ४० वे कलम. पुढे ७३ व्या घटनादुरुस्तीने, २४ एप्रिल १९९३ पासून, ग्रामसभेला संविधानात स्थान मिळाले. म्हणजे आपल्या संविधानात व्यक्तीही आहे आणि गावही आहे. या दोहोंपैकी एकाचा बळी देऊन दुसऱ्याची पूजा करणे संविधानाला मान्य नाही.

डॉक्टरांचा इशारा जुना झाला, असे म्हणण्याची सोय निदान या जिल्ह्याला तरी नाही. २०१३ मध्ये सोनई येथे तीन दलित तरुणांची आणि २०१४ मध्ये खर्डा येथे एका दलित मुलाची हत्या झाली, त्या दोन्ही घटनांच्या मुळाशी जातीबाहेरच्या प्रेमाविषयीचा राग होता. ही गावे हिवरे बाजारच्याच जिल्ह्यातील आहेत. दारूबंदीसारख्या सत्कार्यातही हात कसा सैल सुटतो याचे उदाहरण शेजारच्या पारनेर तालुक्यात आहे. राळेगणसिद्धीत दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून पट्ट्याने मारले जात असे, हे खुद्द अण्णा हजारे यांनी लपवून ठेवलेले नाही. हेतू चांगला होता, परिणामही चांगला झाला असेल. तथापि ज्याला बांधले तोही या देशाचा नागरिक होता आणि त्याला शिक्षा देण्याचा अधिकार न्यायालयाखेरीज कोणालाही नव्हता. त्या खांबाचे समर्थन एकदा केले की सोनईच्या मारेकऱ्यांना कोणत्या तोंडाने अडवावयाचे? गावाच्या भल्यासाठी मारणे आणि गावाच्या अब्रूसाठी मारणे यांतील भेद मारणाराच ठरवू लागला, तर तो भेद फार काळ टिकत नाही.

म्हणून गावाच्या संमतीच्या राज्याला एक सीमा आखून घेतली पाहिजे. ती सीमा काढणे अवघड नाही. जी गोष्ट एकाच्या बांधावरून दुसऱ्याच्या बांधात वाहत जाते, ती सर्वांची. जमिनीखालचे पाणी असे आहे, चराऊ रान असे आहे, गावतळे असे आहे. माझ्या बोअरने शेजाऱ्याची विहीर आटत असेल, तर माझा हक्क माझ्यापुरता राहिला नाही आणि ग्रामसभेने त्यात पडणे केवळ योग्य नव्हे तर आवश्यक आहे. परंतु माणसाचे शरीर, त्याचा विवाह, त्याची श्रद्धा, त्याचे मत आणि त्याच्या घरातील अपत्यांची संख्या या गोष्टी बांधावरून वाहत नाहीत. त्यांविषयी गावाने सांगावे, समजवावे, सोय करून द्यावी. हुकूम करू नये.

या कसोटीवर हिवरे बाजारचेही सर्व ठराव सारख्याच मोलाचे ठरत नाहीत, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पाण्याचा ताळेबंद आणि बोअरबंदी हे त्याचे सर्वोत्तम काम. नसबंदीचे सूत्र आणि विवाहापूर्वी एचआयव्ही चाचणी करून घेण्याचा गावाचा आग्रह यांमागील कळकळ आम्ही जाणतो. ज्या काळात हा रोग खेड्यांतून पसरत होता त्या काळात असा विचार करणारे गाव दूरदर्शीच म्हटले पाहिजे. परंतु २०१७ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याप्रमाणे समजून-उमजून दिलेल्या संमतीवाचून कोणाचीही अशी चाचणी करता येत नाही, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. सर्व गाव एका बाजूला उभे असताना नियोजित वधूने दिलेला होकार कितपत मोकळा, हा प्रश्न विचारणे हा गावाचा द्रोह नव्हे. त्याच गावाने एकुलत्या मुस्लिम कुटुंबासाठी मशीद बांधून दिली, ही गोष्टही याच कसोटीवर तोलून पाहावी. ज्याचे एकच मत आहे त्याची प्रार्थनेची जागा बहुमताने उभारून द्यावी, यात संमतीच्या राज्याचे जे उदात्त रूप दिसते ते शंभर ठरावांत दिसणार नाही.

यानंतर प्रश्न येतो तो 'बिनविरोध' या शब्दाचा. आपल्याकडे बिनविरोध निवडणुकीचे फार माहात्म्य आहे. भांडणे टळतात, खर्च वाचतो, हे खरे. परंतु विरोध नसणे आणि संमती असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. जानेवारी २०२१ मधील ग्रामपंचायत निवडणुकांनी हा फरक अगदी ठळकपणे दाखविला. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे सरपंचपदाचे लिलाव झाल्याचे उघडकीस आले आणि राज्य निवडणूक आयोगाला तेथील निवडणुकाच रद्द कराव्या लागल्या. तेथेही विरोध नव्हताच. तो पैशाने विकत घेतला गेला होता. त्याच महिन्यात हिवरे बाजारमध्ये सुमारे तीस वर्षांनी प्रथमच मतपेटीपर्यंत लढत गेली. पुष्कळांना ते आदर्श गावाला लागलेले गालबोट वाटले. मतदान झाले आणि पोपटराव पवारांच्या गटाने सातही जागा जिंकल्या.

आमच्या दृष्टीने ती निवडणूक हा गावाच्या इतिहासातील अभिमानाचा दिवस होता. तीस वर्षे जी संमती गृहीत धरली जात होती, ती त्या दिवशी गुप्त मतदानाने मोजली गेली. आणि ज्यांनी विरुद्ध उभे राहण्याचे धैर्य दाखविले त्यांनीही गावावर उपकारच केले. कारण नाही म्हणता येते हे त्यांनी सिद्ध केले नसते, तर हो म्हणण्याला किंमत राहिली नसती. एकाच नेतृत्वाखाली साडेतीन दशके चाललेल्या गावाला एक ना एक दिवस त्या नेतृत्वावाचून चालावे लागणार आहे. त्या दिवशी ताळेबंदाची वही आणि मतभेद पचविण्याची सवय या दोनच गोष्टी गावाच्या कामी येतील.

हा सारा विचार खेड्यापुरता आहे, असे शहरातील वाचकाने समजू नये. संमतीवाचूनचे राज्य आणण्यास बंदूक लागत नाही, हे शहरांनीच अधिक अनुभवले आहे. मार्च २०२२ मध्ये मुंबई व पुणे महानगरपालिकांची आणि राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत संपली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ त्यांचा कारभार प्रशासकांकडे राहिला. हजारो कोटींची अंदाजपत्रके एकाही निर्वाचित सभासदाच्या मताविना मंजूर झाली आणि कोठे खिडकीची काचदेखील फुटली नाही. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याविषयी निर्देश द्यावे लागले. लोकांचा अधिकार काढून घेताना कोणी शस्त्र उगारले नाही, आणि लोकांनीही तो परत मागताना फारसा आवाज केला नाही. हिवरे बाजारची ग्रामसभा इतकी वर्षे बंद राहिली असती तर तेथील शेतकरी स्वस्थ बसला असता काय, हा प्रश्न शहरवासीयांनी स्वतःला विचारावा.

महाराष्ट्राच्या भूमीत सत्ता आपण होऊन खाली सोपविल्याचे उदाहरणही आहे. १९३९ च्या जानेवारीत औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्याने आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना दिली आणि गावपंचायत हा कारभाराचा पाया मानला. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि प्रयोग थांबला, तरी राजाने दंड खाली ठेवला म्हणून औंधात अंदाधुंदी माजली नाही, एवढे इतिहासाने नोंदवून ठेवले आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) येथील गोंड बांधवांनी तर सर्वसहमतीखेरीज निर्णय घ्यावयाचा नाही असा दंडक पाळला, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याचा आधार घेऊन २००९ मध्ये आपल्या जंगलावरील सामूहिक हक्क मिळविला. तेथेही गावाची सभा आणि देशाचा कायदा एकमेकांना पूरक ठरले, हे विसरता येत नाही.

तेव्हा करावयाचे काय? कायद्याने वर्षाला चार ग्रामसभा आणि त्यापूर्वी महिलांची स्वतंत्र सभा सक्तीची केली आहे. परंतु पंधरा टक्के किंवा शंभर मतदार एवढीच गणपूर्ती मागितली जाते, आणि तीही न झाल्यास तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन उरत नाही. परिणामी पुष्कळ ठिकाणी सभा कागदावर भरते आणि सह्या घरोघर फिरून गोळा होतात. अशा सभेची संमती ही संमती नव्हे. तहकूब सभेची ही पळवाट बुजविली पाहिजे. ज्याचा ठरावास विरोध असेल त्याचे नाव व कारण इतिवृत्तात लिहून घेतले पाहिजे, आणि तसे लिहून घेतल्याबद्दल त्याला काहीही सोसावे लागणार नाही याची हमी गावाने दिली पाहिजे. दारूच्या दुकानाबाबत महिलांचे गुप्त मतदान घेण्याची जी पद्धत महाराष्ट्राने 'आडव्या बाटली'च्या रूपाने रूढ केली, ती वादाच्या इतर प्रश्नांसही लावण्याचा विचार व्हावा; कारण पारावर सर्वांसमक्ष हात वर करणे हे सावकाराच्या कुळाला आणि पाटलाच्या मजुराला सोपे नसते. आणि बहिष्काराचे शस्त्र उपसले गेले, तर २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याचा अंमल विनाविलंब झाला पाहिजे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाख रुपयांपर्यंत दंड सांगणारा असा कायदा करण्यात महाराष्ट्राने पुढाकार घेतला. तो फिर्यादीच्या वहीत पडून राहू नये.

यावर कोणी म्हणेल की, अखेर आपणही कायद्याच्या दंडापाशीच आलात. होय, आलो; आणि त्याबद्दल संकोच वाटण्याचे कारण नाही. गावाने संमतीने चालावे आणि एकट्या माणसाच्या पाठीशी राज्याचा कायदा उभा असावा, यातच व्यवस्थेची खरी मांडणी आहे. त्या एकट्याला आपल्या पाठीशी कोणीतरी आहे याची खात्री असेल, तरच त्याची संमती भीतीवाचूनची होईल. दंडाचा उपयोग गावावर राज्य करण्यासाठी नको. गावातील दुबळ्याला निर्भयपणे 'नाही' म्हणता यावे, एवढ्यासाठीच तो राखून ठेवावा. हिवरे बाजारच्या शेतकऱ्याने बोअर न खणता जे कमावले, ते टिकवावयाचे तर त्याच्या शेजाऱ्याला बोअर खणण्याच्या बाजूने सभेत उभे राहून बोलता आले पाहिजे, आणि बोलून झाल्यावर सर्वांबरोबर घरी जाऊन निश्चिंतपणे झोपता आले पाहिजे. ज्या गावाला हे साधेल त्या गावाला दंडुक्याची गरज पडणार नाही.